काचेच्या केबिनमधली मराठी
बंद खोलीत चंदनाची उदबत्ती लागली की मला इंदूरच्या बसस्टँडवरची एसटीडीची ती काचेची केबिन आठवते आणि माझे डोके तापते. आमची गिरणी बंद पडली होती, मी कामगारांचा पुढारी होतो, मालक यंत्रे गुपचूप हलवणार होते, आणि ट्रक उद्या पहाटे मागच्या फाटकातून निघणार ही बातमी मी भोपाळहून आणली होती. ट्रक अडवायचे, तर माणसे आजच गोळा व्हायला हवी होती. म्हणून बसमधून उतरताच मी मल्हारगंजातल्या सहकाऱ्याला फोन लावला. आत बूथवाल्याने चंदनाची उदबत्ती लावली होती, आणि केबिनचे दार नीट लागत नव्हते. बाहेर कानांवर वॉकमन चढवलेला एक प्रवासी ताटकळत होता. त्याला ऐकू येत नसणार, आणि आले तरी या परक्या प्रवाशाला मराठी कुठली कळते, या भरवशावर मी वेळ, फाटक, सारे खणखणीत सांगितले. बाहेर आलो, तर तो हसून म्हणाला, “सावकाश बोलायचं की काका, मला कुठे घाई होती!” अस्सल पुणेरी मराठी! त्याच संध्याकाळी ट्रक पुढच्या फाटकातून निघून गेले; आम्ही धावत पोहोचलो तेव्हा मालकाच्या मोटारीत तोच वॉकमनवाला बसलेला मी पाहिला. मला बाबूजी म्हणणारे आमचे जुने कामगार आजही सांगतात, “अरे भिया, बाबूजी तर बिकले होते!” साफ खोटे. मी विकला गेलो नाही. मी माझ्या भाषेला कुलूप समजलो, एवढाच माझा गुन्हा, आणि तो मला मान्य आहे. परवा स्टेशनवर नात फुकटच्या वायफायवरून ऑफिसचे गोपनीय कागद पाठवू लागली. मी हटकले, तर म्हणाली, “आजोबा, इथे कुणाला काय कळतंय?” मी तिच्या हातातला फोन हिसकावून घेतला.