उंचवट्याची पिशवी

सुचेता दामलेला हातात आलेली कुठलीही माती ओळखता यायची. ती जिथून आली ती जागा मात्र तिने कधी पाहिलेली नसायची. राहुरीला एम.एस्सी.ला ती पहिली आली होती. लग्नानंतर नवऱ्याच्या, कमलाकरच्या, नोकरीपायी इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला आली आणि जवळच्या एका विद्यापीठात लॅब टेक्निशियन म्हणून चिकटली. पंधरा वर्षं ती इतरांनी आणलेली माती वाळवत, कुटत, चाळत होती. त्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. २००५ साली निवेदिता आली आणि वाटायला लागलं.

निवेदिता अकोल्याची, सत्तावीस वर्षांची, पीएचडीला आलेली. पहिल्याच हिवाळ्यात ती व्हेनेझुएलाच्या गवताळ मैदानांत सहा आठवडे राहून आली. तिथली कुरणं अर्धं वर्ष पाण्याखाली असतात. जमीन दिसायला सपाट, पण हात-दोन हात उंचीच्या फरकाने मातीचा कस बदलतो का, हे तिला शोधायचं होतं. म्हणून नदीकाठचा उंचवटा, मधला उतार आणि पाणी साचणारा खोलगट भाग, अशा तिन्ही ठिकाणची माती तिने तीन कुरणांतून पिशव्या भरभरून आणली होती.

आल्या आल्या तिने फोटो दाखवले. घोटाभर पाण्यात ती उभी, मागे क्षितिजापर्यंत गवत. सुचेता "छान आहेत" म्हणाली आणि धुतलेले बीकर पुन्हा धुवायला घेतले. त्या गवतात आपण उभ्या असतो तर, हा विचार दिवसभर काही केल्या जाईना.

दुसऱ्या दिवशी तिने तिसऱ्या कुरणाच्या पिशव्या उघडल्या. 'उंचवटा' लिहिलेल्या पिशवीतली चिमूटभर माती पाण्याचा थेंब घालून बोटांत वळली, तर लांब, गुळगुळीत वळी झाली. चिकणमाती, काळपट, कसदार. 'खोलगट' लिहिलेली मात्र रेताड, बोटांतून निसटणारी. बाकीच्या दोन कुरणांच्या पिशव्यांत बरोबर उलट होतं. या दोन्ही ठिकाणच्या सहा-सहा पिशव्यांच्या चिठ्ठ्या आपापसात बदलल्या गेल्या होत्या, यात शंका नव्हती.

निवेदिता दहा पावलांवर वजनं घेत होती. सुचेताने हात पुसले आणि चिठ्ठीवर होतं तेच वहीत उतरवलं.

पुढचे दोन महिने ती गप्प राहिली. रोज ठरवायची, आज सांगू. मग निवेदिता पुढच्या दौऱ्याबद्दल बोलायला लागायची आणि सुचेताच्या जिभेवर आलेलं परत जायचं.

मे महिन्यात विभागात निवेदिताचं भाषण झालं. दोन कुरणांचे आलेख सुरेख होते. वाहून आलेला बारीक गाळ आणि कुजलेलं गवत सखल भागात साठतं, म्हणून तिथे कस जास्त, हे स्पष्ट दिसत होतं. तिसऱ्याने सगळं उलटंपालटं केलं. प्राध्यापकांनी तीन प्रश्न विचारले. तिन्ही वेळा ती मागच्या आलेखावर गेली आणि परत तिसऱ्यावर आली. मागच्या रांगेत बसलेल्या सुचेताला आतून गार वाटलं, अगदी हवंहवंसं. मग निवेदिताने पाण्याचा ग्लास उचलला. न पिताच तो परत ठेवला. ते पाहिल्यावर सुचेताचं सुख टिकलं नाही.

सगळे गेल्यावर निवेदिता म्हणाली, "ताई, तिसरं कुरण मी गाळून टाकते. माझंच काहीतरी चुकलंय."

"गाळू नकोस," सुचेता म्हणाली. "चिठ्ठ्या बदलल्यात. तुझी तिथली वही काढ, त्यात जागेवर लिहिलेले पिशव्यांचे नंबर असतील. मला पिशव्या उघडल्या त्याच दिवशी कळलं होतं."

निवेदिता बॅगेतून वही काढता काढता थांबली. मग तिने हळूच विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"तू तिथे जाऊन आलीस म्हणून. मी कधीच गेले नाही म्हणून."

निवेदिता वही घेऊन निघून गेली. वहीतले नंबर सुचेताच्या बोटांनी ओळखलेल्या मातीशी तंतोतंत जुळले. पुढच्या वर्षी निवेदिताचा शोधनिबंध छापून आला. शेवटी आभारात सुचेताचं नाव होतं, बारीक अक्षरांत. 'ताई' मात्र बंद झालं. आता निवेदिता तिला इथल्यासारखं नुसतं सुचेता म्हणायची.

दुसऱ्या दौऱ्याच्या आदल्या आठवड्यात दोघी समोरासमोर बसून चिठ्ठ्या तयार करत होत्या, प्रत्येक पिशवीला दोन, एक आत, एक बाहेर.

"मला अजून हेवा वाटतो तुझा," सुचेता खाली बघत म्हणाली.

"माहितीये मला," निवेदिता म्हणाली, आणि पुढचा गठ्ठा तिच्याकडे सरकवला.