मग ही कुठं निघाली?

कर्जत तालुक्यातल्या आमच्या शाळेला वसतिगृह आहे. आईबाप ऊसतोडीला गेले की पोरी तिथं राहतात. सरकारनं मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी शिक्षकांचं प्रशिक्षण काढलं, तेव्हा हेडसरांनी मला धाडलं. का, तर म्हणे मी फटकळ, मला विचारायची लाज नाही. तिथलं एक वाक्य डोक्यात रुतून बसलं: मूल जिवापाड जपलेल्या वस्तू वाटायला लागलं तर सरळ विचारा. परत आल्यावर व्हरांड्यात हेल्पलाइनचं पोस्टर लावलं, ‘मन मोकळं करा, फोन करा’. आणि वसतिगृहात मोबाईलला बंदी! पोरींनी फोन काय भिंतीवरून करायचा?

दिवाळी उलटली. दहावीतल्या एका पोरीनं रिबिनी वाटल्या. मग स्वेटर. मग कंपासपेटी, जिला ती कुणाला बोटही लावू देत नसे. कुणाला काही वाटलं नाही, कारण आमच्याकडे ही रीतच आहे. पोरीला मधेच तोडीवर न्यायचं ठरलं की ती सामान मैत्रिणींना देऊन टाकते. उसाच्या फडातल्या पाचटाच्या कोपीत काय टिकतंय?

“निघाली वाटतं पोरगी तोडीला,” स्वयंपाकाच्या मावशी भाकरी थापत म्हणाल्या. मीही मान डोलावली, चहाचा घोट घेतला.

“तिला न्यायला ट्रॅक्टर कधी यायचाय?”

“आता कुठला ट्रॅक्टर, बाई? तिचे आईबाप दसऱ्यालाच गेले की श्रीगोंद्याकडं, तिला न्यायचा निरोप काय आला नाही.” बोलता बोलता मावशींचा हात परातीतच थांबला.

मग ही कुठं निघाली?

चहा तिथंच ठेवून धावले. वर्गात नाही. खोलीत नाही. मैदानात नाही. हाका मारून घसा कोरडा पडला, ओ येईना. शेवटी शाळेच्या मागच्या पायरीवर सापडली. वेणीफणी करून बसलेली, अगदी शांत. रडत असती तर बरं वाटलं असतं; त्या शांतपणाची मला भयंकर भीती वाटली.

शेजारी टेकले. “जीव द्यावासा वाटतो का गं तुला?”

“अगंबाई, असलं अभद्र काय बोलता!” मागून आलेल्या मावशी कळवळल्या.

“गप बसा हो मावशी!”

पोरगी मातीकडं बघतच म्हणाली, “व्हय, बाई. लई दिवस झालं. कुनी इचारलंच न्हाई.”

माझ्याच मोबाईलवरून पोस्टरवरचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली, माझा जीव टांगणीला. उचला की मेल्यांनो! पलीकडून एका बाईचा आवाज आला आणि मी फोन तिच्या कानाला लावला. ती आधी नुसती हुंदके देत होती, मग बोलायला लागली. मी तिचा हात सोडला नाही. तिच्या आईबापांना बोलावून घ्यायचं, जिल्हा रुग्णालयात न्यायचं, सगळं तिथंच ठरलं.

फोन माझ्या हातात देऊन तिनं ओढणीनं नाक पुसलं.

“बाई, कंपासपेटी परत मागितली तर मैत्रीण देईल का वो?”

मी उठले, आणि तिला घेऊनच मागायला गेले.