पंगत माझ्यासाठी थांबली

देवाबद्दल लिहायला बसले की माझा हात अजून अडतो. आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बाबा चळवळीची पत्रकं लिहीत आणि शाळेतून आल्यावर त्यांच्या घड्या घालायचं काम माझ्याकडे असे. ‘भिऊ नका’ हे दोन शब्द जवळजवळ प्रत्येक पत्रकात ठळक छापलेले असत. मी वाचायला शिकले तीच त्या शब्दांवर. पुढे पुण्यात आले, सदाशिव पेठेत खोली घेतली, कथा लिहू लागले, तर माझ्या कथांतली माणसंही कुणाला भीत नसत. ती ताठ मानेनं संकटासमोर जात आणि ताठ मानेनंच मरत. मला त्यांचा फार अभिमान होता.

मग गेल्या हिवाळ्यात, मेसमध्ये जेवताना भाकरीचा तुकडा माझ्या घशात अडकला. श्वास आत जाईना, बाहेर येईना. समोर बसलेल्या प्राजक्तानं, माझ्या रूममेटनं, पाठीत असे काही दणके घातले की तुकडा टेबलावर येऊन पडला. सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांचा घास तोंडात घेतला आणि घसा मिटला.

त्यानंतर तो उघडेच ना. ताक जाई, पेज जाई, वरणाचं पाणी जाई. चावायचा कोणताही घास जिभेच्या टोकापासून मागे सरकला की छाती धडधडू लागे, हातापायांना घाम सुटे आणि मी तो रुमालात काढून टाकी. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. म्हणाले, “घसा ठणठणीत आहे. तुम्ही घाबरताय, बाकी काही नाही.” वाक्य खरं होतं आणि माझ्या उपयोगाचं नव्हतं. वजन उतरत गेलं. जिना चढताना कठड्याला धरावं लागू लागलं. शेवटी डॉक्टरांनी सांगून टाकलं, की असंच चाललं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, “भीतीला कारण विचार, बेटा. कारण सांगता आलं नाही की ती पळते.” मी विचारलं. माझ्या भीतीकडे कारण होतं, आणि ते चांगलं होतं: मी जगावं एवढंच तिला हवं होतं. एकदा घासानं जीव घ्यायला पाहिलं होतं, म्हणून आता ती एकही घास आत सोडायला तयार नव्हती. दारात इमानी कुत्रा उभा राहावा आणि त्यानं घरच्यांनाही आत येऊ देऊ नये, तसं झालं होतं. मला जगवण्याच्या धडपडीत माझं शरीर मला उपाशी मारत होतं.

त्या दिवसांत मी पडल्या पडल्या गोष्टी वाचत असे. कुणीतरी माझ्यासारखं भ्यालेलं सापडेल या आशेनं. गोष्टींत पूर येतो, वाघ येतो, शत्रू येतो, आणि माणूस पळतो नाहीतर लढतो. माझ्यापुढे वरणभात होता. त्याच्यापासून पळायचं कसं आणि त्याच्याशी लढायचं कसं? माझ्या स्वतःच्या कथा काढून पाहिल्या. त्यातल्या एकाही माणसाच्या तळहाताला घाम आलेला नव्हता. मी माणसांच्या तोंडी घोषणा दिल्या होत्या आणि त्यांचं शरीर लिहायचं विसरले होते.

आणि भूक! भुकेबद्दल मी पत्रकी भाषेत पुष्कळ लिहिलं होतं. आता दुपारी गल्लीतल्या घरांमधून फोडणीचा वास आला की डोळे भरत. पोटापेक्षा वरच कुठेतरी भूक लागलेली असे. चार माणसांत बसून, बोलता बोलता, लक्षही न देता जेवावं, एवढीच इच्छा होती. कुणाला तरी हाक मारावीशी वाटे. ज्याला मारायची त्याचं नावच मला कुणी शिकवलं नव्हतं.

प्राजक्ता लोणी काळभोरची. तिच्या गावी हरिनाम सप्ताह होता आणि काल्याच्या दिवशी तिनं मला जवळजवळ ओढूनच नेलं. “कीर्तन ऐक, ऊन खा, माणसं बघ. खोलीत बसून भिंती काय बघतेस? जेवायचा आग्रह कुणी करणार नाही, माझी गॅरंटी.” ती आणि तिची भावंडं वाढायला होती. मी मांडवात बायकांमध्ये बसले. कीर्तनकारांचं बोलणं अर्धं पटलं, अर्ध्याशी मी मनातल्या मनात भांडले. टाळ मात्र आवडले. त्यांच्याशी भांडता येत नव्हतं.

कीर्तन संपलं आणि चूक झाली. मला वाटलं, लोक उठतील आणि मी बाजूला होईन. पण तिथे कुणी उठलंच नाही. बसल्या जागीच माणसं वळली, सरकली, रांगा झाल्या, आणि मी एका रांगेच्या मधोमध. उठायला जावं तर पत्रावळ पुढ्यात. तिच्यावर भात, आमटी, लापशी. वाढल्या पानावरून उठू नये, एवढं आमच्या देव नसलेल्या घरातही शिकवलं होतं. गजर झाला आणि सगळे जेवू लागले.

मी भात कालवत राहिले. एक घास तोंडात घेतला, तो तिथेच राहिला. शेजारी एक म्हातारी होती, काठीसारखी बारीक, जाड भिंगांचा चष्मा. भात वाढायला आलेल्या माणसाला ती मघाशीच म्हणाली होती, “बास, बास. दातबी न्हाईत आन् पोटबी न्हाई.” तिचं चार घासांत आटोपलं. हळूहळू सगळ्यांचंच आटोपलं. आणि मला प्राजक्तानं कधीतरी सांगितलेला रिवाज आठवला: शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय पंगत उठत नाही. सगळी रांग हात वाळवत बसली होती. पाठीमागे पुढची पंगत उभी होती, कडेवरची पोरं रडत होती. सगळी माझ्यासाठी थांबली होती.

“ताई, उरका की. मागची माणसं ताटकळल्यात,” वाढपी म्हणाला.

पलीकडून एक बाई म्हणाली, “शहरातल्या पोरींचं डाएट असतंय, दादा. भात मोजून खात्यात.”

दोघीचौघी हसल्या. माझ्या कानात रक्त धडधडू लागलं. डोळ्यांपुढची पत्रावळ पुसट झाली.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, गळ्याकडे. मग तिनं हात वर केला. “ए बाबा, हिकडं भात आन.”

“आजी, मघाशी तर बास म्हणाला!”

“मघाशी भूक नव्हती, आता लागली. प्रसादबी तुला इचारून खाऊ व्हय?”

“मागं पंगत हुबी हाय, आजी.”

“मग हुबी ऱ्हाऊ दे. तिला काय गाडी धरायचीय?”

रांगेत पुन्हा हशा पिकला, पण आता तो माझ्यावर नव्हता. तिच्या पानावर भाताचा ढीग पडला. पोट नसलेल्या त्या बाईनं तो आमटीत सावकाश कालवला आणि माझ्याकडे न पाहताच हळू म्हणाली, “तुझ्याआधी मी न्हाई उठायची. खा तू दमानं. मी हाय.”

पुढचं मी फक्त जसं झालं तसं सांगते. ‘मी हाय’ हे शब्द ऐकले आणि आत कुणीतरी खाली बसलं. इतके दिवस दारात उभं होतं ते. तोंडातला घास तसाच होता. मी मनात म्हणाले, ‘तू बघ आता.’ कुणाला म्हणाले ते मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येणार नाही. घास मागे सरकला, छाती धडधडली, आणि तो खाली उतरला. मग दुसरा. म्हातारी एकेक शीत खात होती, आणि मी घास घेतला की एक शीत. माझं पान पुसून स्वच्छ झालं तेव्हा माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं. भात वाढणारी प्राजक्ता बादली घेऊन मांडवाच्या टोकाला नुसती उभी होती.

पंगत उठली. हात धुवायच्या पिंपाशी गर्दी झाली, आणि मी वळून पाहिलं तर म्हातारी नव्हती. गावोगावची माणसं न्यायला उभ्या असलेल्या टेम्पोंपर्यंत धापा टाकत गेले. प्राजक्तानं बायकांना विचारलं. “अगं, काल्याला आसपासच्या सगळ्या गावांची माणसं येतात,” ती म्हणाली, “कुठे शोधायची?” मी नावही विचारलं नव्हतं. पायांवर डोकं ठेवायचं राहून गेलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे तरी वाकावंसं वाटलं, आणि ज्याच्यापुढे वाकायचं ते माणूस टेम्पोत बसून निघून गेलं होतं.

नळी लागली नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, भीती उतरते. उतरत असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, तुमच्याशीही घालणार नाही. मला एवढंच कळलं, की घास जिभेवर असतो तोवर आपला असतो. चावणं आपलं, कालवणं आपलं. पुढे एक जागा अशी येते, जिथून तो सोडून द्यावा लागतो. तिथून पुढचं कुणीतरी करतं. मी त्याच जागी अडून बसले होते, आणि हे धैर्यानं सुटणारं नव्हतं. कुणीतरी शेजारी थांबायला हवं होतं.

आता मी मेसमध्ये जेवते. घसा अजून एखाद्या दिवशी मिटतो. तेव्हा मी ताट सरकवत नाही, भीतीला दटावतही नाही. बिचारी माझंच भलं पाहते. त्या म्हातारीची आठवण अशा वेळी फार येते, इतकी की शेजारच्या खुर्चीत कुणी नसलं तरी मी तिकडे जरा सरकून बसते. आणि घास सोडून देते.