हळदीचा धवला आणि बंद पोर्ट

मंडळी, आज सकाळी सारसोळ्याला आमच्या घरी चुलत बहिणीची हळद होती. धवलारीण, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, धवले, म्हणणारी बाई, माझी सख्खी आत्या. आमच्यात तिने धवला म्हटल्याशिवाय हळद लागत नाही, आणि नेमका तिचाच घसा बसला!

आईला टेन्शन. "धवला नाय तं हलद कशी लावाची?"

आत्याचे धवले मी मागे रेकॉर्ड करून जुन्या डेस्कटॉपवर ठेवलेत. पण खाडीच्या हवेनं त्याची पेनड्राइव्हची जागा गंजलीय. त्यात मंडपवाल्यांनी बांबू ठोकताना नेटची केबलच तोडली.

"नेट गेलं, विषय संपला," दादा म्हणाला.

अरे, राउटर चालू होता ना! घरातल्या घरात फाईल पाठवायला बाहेरचं नेट लागतच नाही. तरी मंडपातल्या स्पीकरला जोडलेल्या लॅपटॉपवर डेस्कटॉपचं फोल्डर उघडेना. बघतो तर दादानं व्हायरसच्या भीतीनं डेस्कटॉपच्या फायरवॉलमध्ये फाईल शेअरिंगचा ४४५ नंबरचा पोर्ट, म्हणजे फायली ये-जा करायचं दारच, बंद केलेला. वेबसाइट ४४३ नंबरच्या पोर्टवरून चालतात, त्यामुळे इतके दिवस कोणाला पत्ताच नाही. फक्त घरच्या नेटवर्कपुरता तो उघडला आणि फाईल आली.

स्पीकरवर आत्याचा धवला सुरू झाला. ती डोळे मिटून ऐकत होती. मधेच तिनं हात वर करून थांबवलं. रेकॉर्डिंगमध्ये एक कडवं राहिलं होतं. तिनं ते आईच्या कानात सांगितलं.

आईनं आजवर कधी धवला म्हटला नव्हता. आज म्हटला. मी तोही रेकॉर्ड केला.

तुमच्या घरातला कोणाचा आवाज अजून एकाच कॉम्प्युटरमध्ये पडून आहे?