इंजिनात पाणी

माझा दादा मोटरसायकलवर फिरून नळदुरुस्ती करतो. लोकांच्या घरातलं गळणारं पाणी थांबवण्यात ज्याची तीस वर्षं गेली, तोच एक दिवस म्हणाला, "तुझ्या व्हॅनच्या इंजिनात आपण पाणी सोडू." मी कपाळावर हात मारला.

पण दुसरा उपाय तरी काय होता? डायलिसिसच्या पेशंटना मी टेकडीवरच्या हॉस्पिटलात नेते. चढावर इंजिन तापलं की ठोके द्यायचं आणि गाडी जागीच बसायची. आणखी एकदा उशीर झाला तर दुसरी गाडी लावू, असं हॉस्पिटलने बजावलं होतं. गॅरेजवाला म्हणाला, भंगारात द्या.

दादा मात्र हट्टाला पेटला. काच धुण्याचा छोटा पंप, फवाऱ्याचं बारीक तोंड, बाटलीभर बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी ("नळाच्या पाण्याचे क्षार मला विचार!") आणि ॲक्सिलरेटर खोल दाबला तरच चालू होणारं बटण. आत जाणाऱ्या हवेत धुक्याइतकं पाणी मिसळलं की इंजिनाचं डोकं थंड राहतं, हे त्याने मला भाजी निवडता निवडता समजावलं.

गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. मागे ड्रिल घरघरत होतं. मला ऐकू आलं, "गाडीवर पाणी सोडलं!" झालं! मी रडत हॉस्पिटलला कळवून टाकलं, दुसरी गाडी बघा. मग त्याच्याकडे गेले, तर स्वारी खुशीत. मी काय ऐकलं, ते त्याला सांगितलं.

"अगं शहाणे, 'गाडीवर' नाही, 'गाडीत' म्हणालो मी!"

एका शब्दापायी मी माझ्याच पोटावर पाय दिला होता.

दादाने बोलण्यात वेळ घालवला नाही. पेशंटच्या वजनाइतके पाण्याचे कॅन मागे चढवले आणि आम्ही निघालो. अख्ख्या चढावर इंजिनाने एक ठोका दिला नाही. हॉस्पिटलात मी धावतच आत गेले. ऑफिसातल्या बाईंनी दुसरी गाडी अजून ठरवली नव्हती. "उद्या चार जण आहेत," त्या म्हणाल्या.

"चल, तुला तुझ्या मोटरसायकलपाशी सोडते," मी परत गाडीत बसत दादाला म्हणाले.

"ती बंद पडलीय."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले. आधी तिच्यावर करून बघितलं, पाणी जास्त झालं." तो हसला. "तुझ्या गाडीवर कसं शिकणार होतो?"

तीन आठवडे हा माणूस औजारांची पिशवी खांद्याला लावून पायी कामावर जात होता आणि मी त्याला वेडा म्हणत होते. मला तिथेच, स्टिअरिंगवर डोकं टेकून, रडू फुटलं.