ग्रीक मुलीच्या हातातलं डाळिंब

चिटगुप्प्याच्या बाजारात आज फळवाल्यानं डाळिंब फोडून दाखवलं आणि मला एकदम आमच्या बसवकल्याणच्या घरातला टर्पेंटाइनचा वास आला.

तेव्हा मी कलबुर्गीला चित्रकला शिकत होते. सुट्टीत घरी एका जुन्या युरोपियन चित्राची नक्कल करत बसले होते. काळोखात उभी असलेली ग्रीक मुलगी, हातात फोडलेलं डाळिंब. पंचमीला माहेरी आलेली अक्का शेजारी बसली होती. तिला न्यायला आलेले दाजी बाहेर अप्पांबरोबर चहा पीत होते.

"हिच्या हातात डाळिंब कामून गं?" अक्कानं विचारलं.

सरांनी शिकवलेलं मी ऐटीत सांगितलं. पाताळाच्या राजानं तिला पळवून नेलं. तिथले चार दाणे तिनं खाल्ले, म्हणून दर वर्षी तिला त्याच्याकडं परतावंच लागतं. डाळिंब म्हणजे न सुटणारं लग्न.

अक्का चित्राकडं बघतच राहिली. मग तिनं झंपराची लांब बाही वर सारली. दंडभर चटक्यांचे काळे डाग होते.

"म्या बी खाल्ले की गं दाणे," ती म्हणाली.

अक्काला बोलवायला आलेले अप्पा दारात थिजून उभे होते. ते तसेच मागं फिरले.

"पोरगी येत न्हाई. तुम्ही निघा," बाहेरून त्यांचा आवाज आला.

अक्का परत कधीच सासरी गेली नाही.

तेव्हा मी त्या डागांनी हादरले होते. आता हादरवतो तो तिचा आवाज. भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं, इतका साधा.