सिस्टरची मस्कतवाली

"माफी मुश्किल!" असं म्हणून सिस्टर हाताचा पंजा हवेत उडवायच्या. समोरची अडचण म्हणजे जणू चहावर घोंगावणारी माशी. पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकायचा, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. तिकडच्या अरबीत याचा अर्थ एवढाच, की काही अडचण नाही. मस्कतच्या दवाखान्यात उमेदीची सगळी वर्षं काढल्यावर तो शब्द त्यांच्या जिभेला चिकटूनच आला होता. पण आमच्याकडे माफीचा अर्थ माफी आणि मुश्किलचा अर्थ मुश्किल. "उशीर झाला बरं का सिस्टर, माफ करा," असं कुणी म्हणावं, आणि सिस्टरांनी हसत हसत सांगावं की क्षमा होणे कठीण! आपण असं काही बोलतो हे त्यांच्या ध्यानातही नसायचं.

मी तेव्हा अंबडला शाळेत शिकवत होते. माझे यजमान कोर्टात कारकून. आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत सिस्टर राहायला आल्या. चाळिशी ओलांडलेली बाई, उंच, हाडापेराने मजबूत, लग्न केलेलं नाही. मूळच्या हसनाबादच्या, शेतकरी घरातल्या. औरंगाबादला नर्सिंग शिकून मस्कतला गेल्या आणि आता कायमच्या परत आल्या होत्या. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांना लगेच काम मिळालं. सामान लावून झाल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "बाई, अंगणात जागा हाये का बराबर? माझी गाडी मागून येऊन राह्यली, बोटीनं."

"लूना असेल," यजमान मला आत येऊन म्हणाले.

लूना नव्हती. चारही चाकांना जोर असलेली, डिझेलवर चालणारी, डोंगरात फिरायची जपानी जीप होती. सिस्टरांच्या दवाखान्याची ही जुनी गाडी. दवाखान्याने नवी घेतल्यावर जुनी यांनी विकत घेतली आणि काही वर्षं स्वतः चालवली. परदेशातून कायमचं परतणाऱ्या माणसाला आपली वापरलेली गाडी कर भरून आणता यायची, त्या नियमात सिस्टर बसत होत्या. लोक त्या नियमाने चकचकीत मोटारी आणत. सिस्टरांनी आणली ती उन्हाने टप भाजलेली, वयाने माझ्या नोकरीपेक्षा मोठी जीप.

मुंबईला गोदीत गाडी सोडवायला त्या मला बरोबर घेऊन गेल्या. "दोघी असलं म्हंजी बोलायला बरं पडतं," एवढंच कारण. तिथल्या अधिकाऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या दाराला टांगलेलं चाक पाहिलं, अरबी आकड्यांची पाटी पाहिली आणि म्हणाला, "बाई, एवढी जुनी गाडी कशाला आणलीत? भंगार आहे हे."

"साहेब, मी बी जुनीच हाये," सिस्टर म्हणाल्या. "मला कुठं अडवलं तुम्ही?"

तो हसला, पण सही करणारे साहेब जागेवर नव्हते. दुपार टळली तेव्हा तोच बिचारा घाम पुसत आला. "माफ करा बाई, फार थांबावं लागलं तुम्हाला."

"माफी मुश्किल," सिस्टर पंजा उडवून म्हणाल्या.

त्याचा चेहरा पडला. तो धावतच आत गेला, आणि त्यानंतर आमचं काम ज्या वेगाने झालं तसं सरकारी काम मी पुढे कधी पाहिलं नाही. बाहेर आल्यावर मी त्यांना सांगितलं, "सिस्टर, हा शब्द इथं जरा जपून वापरा." त्या म्हणाल्या, "कोणता शब्द?"

आता खरी गंमत पुढे होती. या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. मागे लाल अक्षरांत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं इंग्रजीत रंगवून घेतलं होतं, पण ते वाचतो कोण? पुढे ट्रक असला की डाव्या बाजूला बसलेल्या चालकाला समोरून काय येतंय ते दिसत नाही. ते बघायचं काम उजवीकडे बसलेल्याचं, म्हणजे माझं. मुंबईपासून अंबडपर्यंत सिस्टर विचारत होत्या, "बघा बाई, येतंय का कोणी?" आणि मी मान बाहेर काढून ओरडत होते, "थांबा! टँकर आहे! आता जा! जा, जा, जा!" कसारा घाटात माझा घसा बसला. प्रत्येक वळणाला सीटखालून थोडी थोडी मस्कतची वाळू माझ्या चपलांत येत होती.

नाशिकच्या पुढे पोलिसांनी अडवलं. हवालदार सवयीने उजव्या खिडकीशी आला. "लायसन?"

"मी शिक्षिका आहे," मी म्हणाले. "गाडी मी चालवत नाही."

त्याने माझ्या मांडीवरची डब्याची पिशवी पाहिली, स्टिअरिंग कुठे दिसेना. "मग कोण चालवतंय?"

"मी," पलीकडून आवाज आला. तो गाडीला वळसा घालून गेला, लायसन उलटसुलट करून पाहिलं आणि जाताना सलाम ठोकला. सिस्टरांना नव्हे, गाडीला.

वडीगोद्रीला चहाला थांबलो तर ही गर्दी. एक म्हातारबाबा उजव्या खिडकीतून आत बराच वेळ बघत राहिले. शेवटी काळजीने म्हणाले, "पोरींनो, ष्टेरिंग चोरलं की कोणी तुमचं."

अंबडमध्ये गाडीचं नाव 'मस्कतवाली' पडलं. लोक विचारत, ही आणली कशाला? सिस्टरांकडे दर माणसाला वेगळं उत्तर असे. कुणाला डिझेल स्वस्त पडतं म्हणून, कुणाला काळ्या मातीत रुतत नाही म्हणून. आमच्या घरमालकांना तर त्यांनी सांगितलं, की तिकडं विकायला गेले तर कोणी घेईना. मला मात्र एकदा शेंगा निवडता निवडता सहज म्हणाल्या, "तिकडं डोंगरातल्या खेड्यांत लसी घेऊन जायचो आम्ही. एक दिवस डायवर आजारी पडला. मला गाडी शिकून थोडेच दिवस झाल्ते, पण मीच घेऊन गेल्ते गाडी. एकटी. दिवसभरात मला कोणी विचारलं न्हाई बाई, की कुठं चाललीस, कोणासंगं चाललीस. तवा ठरवलं, परत जाताना हिला सोडायची न्हाई."

हे उत्तर त्यांनी भावाला दिलं असतं तरी त्याला पटलं नसतं. हसनाबादला त्यांचा धाकटा भाऊ होता, आईवडिलांमागे यांनीच वाढवलेला. त्याची वेगळीच गणितं चालली होती. बांधाला लागून असलेलं शेजाऱ्याचं रान विकायला निघालं होतं, आक्का परत आली की ते घ्यायचं. आक्का आली ती ही गाडी घेऊन. तो अंबडला आला आणि आमच्या अंगणात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला. "लोकं मस्कतहून सोनं आणतेत, तू भंगार आणलं! लोकं हसून राह्यलेत मला!" तो गेल्यावर सिस्टरांनी बादलीभर पाणी घेतलं आणि स्वच्छच असलेली गाडी पुन्हा धुतली.

काही महिन्यांनी तो परत आला. मी तेव्हा शाळेत होते. संध्याकाळी सिस्टर ओट्यावर बसलेल्या दिसल्या. "भाऊ आल्ता," म्हणाल्या. "चांगला बोलत होता. मी चहा टाकला, तर चहा न घेताच उठून गेला. काय झालं कळंना."

त्यानंतर त्याने बोलणंच टाकलं. वडिलांच्या श्राद्धाला सिस्टर न चुकता हसनाबादला जात, दोन वर्षं मीही बरोबर गेले. भाऊ अंगणातच उभा, पण बोलायचा बायकोमार्फत. "आक्काला म्हणावं, जेवायला बसा." तीन हातांवर बसलेल्या सिस्टर भावजयीला सांगत, "त्याला म्हणावं, बसलेच हाये." भावजय दोघांकडे बघून कपाळाला हात लावायची. मोठी गोड बाई.

दुसऱ्या वर्षी तिथेच ते घडलं. जेवणं उरकली होती. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. भावजय सरपण आणायला मागच्या छपरात गेली आणि तिची किंकाळी आली. पायाला साप चावला होता. घर शेतातलं, रस्त्यापर्यंत नुसता काळा चिखल, बैलगाडीची चाकं निम्मी आत जातील असा. भाऊ सैरावैरा झाला. कुणी म्हणे मांत्रिकाला बोलवा, कुणी म्हणे दोरी आवळा, कुणी ब्लेड शोधू लागलं.

"कोणी हात लावू नका!" सिस्टरांचा असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. त्यांनी एक फळी पायाला लावून लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधली, भावजयीला उचलून गाडीत मागे निजवायला लावलं. मला म्हणाल्या, "बाई, पाय हलू देऊ नका, आन तिच्याशी बोलत राहा." भावाला म्हणाल्या, "तू म्होरं बस."

मस्कतवाली चिखलात शिरली. ती डुलत होती, गुरगुरत होती, एकदा आडवी होऊन सरकली. पण थांबली नाही. डांबरी रस्त्याला लागलो तर पुढे ट्रकांची रांग.

"बघ, येतंय का कोणी?" सिस्टर म्हणाल्या.

भावाने मान हलवली.

"तोंडानं सांग! मी रस्ता बघू का तुझी मान बघू?"

मग तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ट्रक येऊन राह्यला. थांब... थांब... आता जा, आक्का!"

दोन वर्षांतला तो पहिला शब्द. मग तो बोलतच राहिला. "जा! थांब! एश्टी हाये! घे आता, घे!" जालना जवळ आलं तसा मात्र त्याचा धीर सुटला. "आक्का, वाचंल का गं ही?"

"माफी मुश्किल," सिस्टर समोर बघत म्हणाल्या. "दवाखान्यात सुया हायेत. वाचंल."

"आजून?" तो एकदम रडायलाच लागला. "आजून न्हाईच का माफी? त्या दिवशी तुझ्या पाया पडायला आल्तो मी. चुकलं म्हणालो, माफ कर म्हणालो, तर तू तोंडावर सांगितलं की मुश्किल हाये! आता तरी कर की!"

सिस्टरांचा पाय क्षणभर सुटला आणि गाडी मंदावली. "मी? मी असं म्हणाले?"

"आत्ता बी म्हणालीस!"

मी मागून ओरडले, "अहो, त्याचा अर्थ तसा नाही! अरबीत 'काही अडचण नाही' असं आहे ते!"

मग माझ्या मांडीवरून भावजयीचा क्षीण आवाज आला, "दोन वर्सं सांगून राह्यले मी यांला... एकदा विचारा म्हणून..."

सिस्टर हसल्या का रडल्या ते मला मागून दिसलं नाही. एवढं ऐकू आलं, "येड्या, पुढं बघ. येतंय का कोणी?"

भावजय वाचली. जालन्याच्या सरकारी दवाखान्यात आठवडाभर राहिली, आणि तो सगळा आठवडा बहीणभाऊ बाहेरच्या बाकावर बसून बोलत होते. काय बोलत होते कोण जाणे. मी डबा घेऊन गेले की गप्प व्हायचे.

मस्कतवाली पुढे खूप वर्षं चालली. तिने बाळंतिणी नेल्या, नवरदेव नेले, एकदा तर आमच्या शाळेचं घंटेचं लोखंड नेलं. मग सुटे भाग मिळेनात. जालन्याचे मिस्त्री हात जोडायला लागले. पुण्याचा एक हौशी माणूस अशा जुन्या गाड्या सांभाळायचा, तो ट्रक घेऊन आला. फळीवरून गाडी ट्रकात चढवायला ड्रायव्हर पुढे झाला तेव्हा सिस्टरांनी त्याला बाजूला केलं, स्वतः चढवली, खाली उतरल्या आणि त्याला विचारलं, "जेवलात का?" त्यानंतर त्या भावाकडे हसनाबादला राहायला गेल्या. काही वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, झोपेतच गेल्या. भावाने फोनवर एवढंच सांगितलं, "आक्काला काई त्रास झाला न्हाई."

त्याच्या आदल्या वर्षी त्या माझ्याकडे अंबडला आल्या होत्या, तेव्हा आम्ही दोघी डोळे तपासायला एसटीने जालन्याला गेलो होतो. कंडक्टरने त्यांचं वय पाहून ड्रायव्हरच्या मागची जागा दिली. समोर काही आलं की सिस्टरांचा उजवा पाय बसच्या पत्र्यावर दाबला जायचा. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि म्हणाला, "आज्जी, ब्रेक माझ्याकडं हाये."

"ते दिसतंय मला," सिस्टर म्हणाल्या. "पण तुम्ही दाबून न्हाई राह्यले."

पुढच्या गावापर्यंत त्याने बस इतकी हळू चालवली की मागचे लोक कुरकुरायला लागले. जालन्याच्या स्टँडवर उतरल्यावर मी पाठीमागून पिशव्या गोळा करत होते, तोवर सिस्टर बसच्या पुढच्या बाजूला गेल्या. तिच्या गरम तोंडावर त्यांनी बैलाला थोपटावं तसं दोनदा थोपटलं आणि गर्दीतून चालू लागल्या. गुडघे दुखणाऱ्या बाईच्या मानाने फारच भराभर. मी हाक मारली, पण स्टँडवरच्या गलक्यात त्यांना ती ऐकू गेली नाही.